फांदी मागून घ्या

२६ जानेवारीच्या संध्याकाळी आमच्या गावात एका समारंभाचा मंडप उतरवत होते. दुकान बंद करून मी त्याच बाजूनं घरी निघाले होते. मंडपामागं ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती आणि दोन माणसं कुंड्या रिकाम्या करत होती. कुंडी उलटी करायची, रोप मातीसकट ट्रॉलीत आपटायचं, मोकळी कुंडी एकात एक रचायची. रोपं जिरेनियमची होती. बहुतेक शेंदरी लाल, थोडी फिकट गुलाबी. तीन दिवस व्यासपीठाच्या पायऱ्यांवर मांडलेली. बहर उतरलाही नव्हता. कितीतरी झुबक्यांत निम्म्या कळ्या अजून मिटलेल्याच होत्या.

"दादा, ही कुठं नेताय?"

"कचऱ्याला. कुंड्या तेवढ्या माघारी द्यायच्या हायत."

"थोड्या फांद्या घेऊ का?"

"घ्या की ताई. टाकायच्याच हायत."

धागे तोडायची छोटी कात्री माझ्या पिशवीत कायम असते. तिनं मी फांद्या तोडत गेले. अंधार पडला तसा त्यातल्या एकानं मोबाईलचा उजेड धरला. घरी येऊन मोजल्या तर ४१ भरल्या. रात्री जेवणं उरकल्यावर ब्लेडनं पुन्हा नीट कापल्या आणि वर्तमानपत्रावर पसरून ठेवल्या. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यातल्या ३४ फांद्यांना मुळ्या फुटल्या. ट्रॉलीत दीडशे तरी रोपं असतील, आणि भरलेल्या एका रोपाच्या पाच-सहा फांद्या सहज निघतात. त्या रात्री कचऱ्यात किती रोपं गेली हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

मी वाईत मधल्या आळीत शिवणकामाचं दुकान चालवते. दुकानाला पूर्वेची एक खिडकी आहे आणि तिच्या फळीवर जिरेनियमच्या कुंड्या असतात. ब्लाऊजचं माप द्यायला आलेली बाई टेप अंगावर असतानाच विचारते, "ही कुठून विकत घेतली?" विकत घेतलेली त्यात एकही नाही. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आली कुठून?" फुलझाड म्हणजे विकत आणायची गोष्ट, हे आपल्या डोक्यात किती पक्कं बसलंय ते मला या प्रश्नावरून कळतं. आमच्या आयांच्या पिढीत हा प्रश्न कुणी विचारला नसता. अंगणातली जास्वंद शेजारणीकडची, मोगरा माहेरचा, अबोली कुणाच्या तरी परड्यातली, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

माझं जिरेनियम आत्याचं. आत्या पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेट्रन होती. शाळेचा लांबच लांब दगडी व्हरांडा, आणि कठड्यावर डालड्याच्या हिरव्या-पिवळ्या डब्यांत ओळीनं लावलेली लाल फुलं. मे महिन्यात आम्ही घाट चढून तिच्याकडे जायचो. वाईचा उन्हाळा खाली राहायचा आणि वर तो व्हरांडा. जिरेनियमचं पान चुरगळलं की बोटांना जो उग्र, थोडासा लोखंडासारखा वास लागतो, तो मला अजून पाचगणीचाच वाटतो. माझं लग्न झालं त्या वर्षी आत्यानं मला आठ फांद्या कागदात गुंडाळून दिल्या. मी त्या गुलाबासारख्या लावल्या: काळ्या मातीत, रोज पाणी, वरून प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे आत दमटपणा राहील. दहा दिवसांत आठही फांद्या बुडापासून काळ्या पडल्या. बोट लावलं तर चिखलासारख्या मऊ. मला फार वाईट वाटलं होतं. आत्याला सांगायला पंधरा दिवस धीर झाला नाही.

ती रागावली नाही. पुढच्या खेपेला तिनं मला समोर बसवलं आणि एक फांदी हातात दिली. म्हणाली, "अगं, हे गुलाब नव्हे. याच्या अंगातच पाणी आहे. त्याला आधी तहान लागू दे."

त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं जिरेनियम वाढवते आहे. या झाडाचं मूळ घर दक्षिण आफ्रिकेत. उघडे, खडकाळ उतार, पडलं की वाहून जाणारं पाणी. म्हणून खोड जाड, मांसल. ते पाणी धरून ठेवतं. अशा झाडाची ताजी फांदी ओल्या मातीत खुपसली की उघड्या जखमेतून बुरशी सरळ आत शिरते. म्हणून फांदी कापल्यावर ती सावलीत, कागदावर, रात्रभर तशीच पडू द्यायची. सकाळी कापलेल्या टोकावर बोट फिरवलं की ते कोरडं लागतं, जखमेवर खपली धरावी तसं. पानं थोडी मलूल दिसतात. घाबरायचं नाही.

कापायची कुठं, हे त्याहून महत्त्वाचं. कापडाला कात्री लावण्याआधी बेतावं लागतं, तसंच इथंही. कोवळा लुसलुशीत शेंडा नको, तो कुजतो. बुडाचा तपकिरी, लाकूड झालेला भागही नको, तो हट्टी असतो. मधली हिरवी फांदी, वाकवली तर कट्‌कन मोडेल अशी, बोटभर लांब, म्हणजे साधारण चार इंच. पान जिथून फुटतं त्या पेराच्या लगेच खाली काप घ्यायचा, कारण मुळ्या पेरापासून लवकर येतात. कात्रीनं टोक चेंगरतं. दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा स्पिरिटनं पुसून घेतला की काप स्वच्छ येतो. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकी सगळी काढायची. पेरापाशी पातळ पापुद्र्यासारखी लहान पानं चिकटलेली असतात, तीही नखानं सोलून काढायची. मातीत कुजायला पहिली तीच सुरुवात करतात. आणि फुलं खुडायची. कळ्यासुद्धा. इथं हात अडखळतो, सगळ्यांचाच अडखळतो. पण फांदी एकाच वेळी फुलवणार आणि मुळं धरणार, एवढी ताकद तिच्यात नसते.

माती म्हणाल तर आत्या कृष्णेची वाळू वापरायची. मी नदीची वाळू उचलत नाही. नदीला आता तेवढी वाळूच उरलेली नाही. बांधकामाची चाळलेली, धुतलेली खडीची भुकटी, थोडं कोकोपीट आणि विटांचा बारीक चुरा एवढं पुरतं. खत अजिबात नको. सहा इंची मातीची कुंडी घ्यायची आणि पाच फांद्या तिच्या काठाला टेकवून गोल लावायच्या, मध्ये नाही. काठाशी हवा खेळते, भाजलेली माती ओल शोषून घेते, तिथं फांदी लवकर धरते. एकदा पाणी घालायचं आणि मग कुंडी उचलून बघत राहायचं. हलकी लागली तरच पुन्हा पाणी. पिशवी झाकायची नाही; या पानांवर बारीक लव असते, दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते. उजेड भरपूर, दुपारचं ऊन मात्र नको. तीन-चार आठवड्यांत शेंड्याला नवं पान दिसतं. फांदी दोन बोटांत धरून अगदी हलकी ओढायची; तिनं मातीला धरून ठेवलं असेल तर हाताला कळतं. हा क्षण मला आजही तितकाच आवडतो. शिलाई यंत्रावर बसलेली असले तरी मी मधेच उठून दिवसातून एकदा तरी फांद्यांना हात लावून बघते.

आता माझ्या मूळ म्हणण्याकडे येते.

आपल्याकडे एक समजूत आहे की चोरून आणलेली फांदी चांगली लागते. मनी प्लांटबद्दल तर हे सर्रास म्हणतात आणि कौतुकानं सांगतातही. मला हे अजिबात पटत नाही. चोरलेली फांदी घाईत हातानं ओरबाडलेली असते. तिचं टोक फाटलेलं, चेंगरलेलं. मूळ झाडाचंही सालटं निघतं. अंधारात तोडणाऱ्याला पानामागं तांबेऱ्याची तपकिरी कडी आहेत की नाहीत, बुंधा काळा पडलाय का, हे दिसत नाही, आणि तो रोग घरी घेऊन येतो. आणि सगळ्यांत मोठं नुकसान म्हणजे चोरलेल्या फांदीबरोबर तिची माहिती येत नाही. मागून घेतलेली फांदी झाडाचा मालक स्वतः कापून देतो, योग्य जागी कापतो, आणि देताना दोन वाक्यं बोलतो: याला पाणी कमी, याला सकाळचं ऊन, पावसाळ्यात आत घे. आत्यानं पहिल्या खेपेला मला फांद्या दिल्या, वाक्य दिलं नाही, आणि आठही गेल्या. दुसऱ्या खेपेला वाक्य मिळालं तेव्हा झाड लागलं.

विश्वकोशाच्या कामावर पूर्वी असलेले एक गृहस्थ माझ्याकडे पायजमे शिवायला येतात. त्यांनी मला या नावाचा घोळ समजावला. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो ते शास्त्राच्या दृष्टीनं पेलार्गोनियम. लिनियसनं १७५३ साली दोन्ही जिरेनियम या एकाच गटात टाकली. १७८९ मध्ये लेरिटिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं आफ्रिकेतली ही झाडं वेगळी काढली. फळाला लांब चोच असते म्हणून एकाला ग्रीक भाषेतलं क्रौंचाचं नाव, दुसऱ्याला करकोच्याचं. पण तोवर लोकांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, ते सव्वादोनशे वर्षांनंतरही बदललेलं नाही. मला त्यातून एवढं वाटलं की झाड जसं हातोहात जातं, तसं त्याचं नावही फांदीबरोबर जातं आणि मग ते कुणाच्या सांगण्यावरून बदलत नाही.

हे झाड बियांपासून मोठ्या प्रमाणावर करायला लागले ते अलीकडेच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात 'निटनी लायन रेड' ही बियांपासून एकसारखी येणारी जात तयार झाली. त्यानंतर एकाच वेळी फुलणाऱ्या, एकाच उंचीच्या हजारो कुंड्या करणं सोपं झालं. त्या कामाबद्दल मला आदरच आहे. पण समारंभाच्या पायऱ्यांवर तीन दिवस मांडून ट्रॉलीत टाकायची कुंडी शक्य झाली तीही त्यामुळंच. संकरित झाडाचं बी धरून पेरलं तर आईसारखं रोप येईलच असं नाही. फांदी लावली तर मात्र हुबेहूब तेच झाड मिळतं, तोच लाल, तोच झुबका. म्हणजे फेकून दिलेल्या त्या दीडशे रोपांमध्ये त्या रंगाचं पुढचं सगळं आयुष्य होतं.

आमच्या भागात तर हे कुणाला शिकवायची गरज पडू नये. वाई, पाचगणी, भिलारच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचे शेतकरी 'मदर' हा शब्द रोज वापरतात. मातृरोपं परदेशातून येतात, पावसाळ्यात त्यांचे धावते वेल सुटतात, प्रत्येक वेलाला रोप लागतं आणि तीच रोपं पुढं रानात जातात. एका आईची शंभर लेकरं कशी करायची हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सुगंधी जिरेनियमची शेती करणारेही आता राज्यात ठिकठिकाणी आहेत. ते जिरेनियम वेगळं: फुलं बारीक, पण पानाला गुलाबासारखा वास, आणि त्याचं तेल साबणात, अत्तरात जातं. त्या झाडाला उपयोगी बी जवळजवळ धरतच नाही. एकराला १० हजारांच्या आसपास रोपं लागतात आणि ती सगळी फांद्यांचीच. सपाटीवर त्यांचीही अडचण माझ्या खिडकीतल्यासारखीच: पावसाळ्यात मातृरोपं कुजतात आणि दरवर्षी रोपं नव्यानं विकत घ्यावी लागतात. लखनौच्या सीमॅप या संस्थेनं प्लॅस्टिकच्या साध्या, स्वस्त छपराखाली ती पावसाळाभर जगवायची रीत बसवली आणि पूर्वी ३५ रुपयांना पडणारं रोप २ रुपयांत होऊ लागलं, असं सांगितलं. पत्र्याच्या छपराखाली दोन कुंड्या जगवणारी गृहिणी तेच करत असते, आकडा तेवढा लहान.

फांद्या वाटल्यानं रोग पसरतो, असं एका नर्सरीवाल्या ताईंनी मला ऐकवलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. २०२० साली अमेरिकेत ग्वाटेमालातून आलेल्या जिरेनियमच्या फांद्यांतून मर रोगाचा जिवाणू पोचला. तो बटाट्या-टोमॅटोलाही मारतो, म्हणून कितीतरी राज्यांतल्या नर्सऱ्यांमधली रोपं शोधून नष्ट करावी लागली. पण त्या फांद्या एका मोठ्या पुरवठ्यातून देशभर गेल्या होत्या; झाड बघून, विचारून, शेजारणीकडून घेतलेल्या नव्हत्या. माझ्याकडे कुणी फांदी मागितली तर मी आधी त्यांना झाड दाखवते. पान उलटं करून दाखवते. बुंधा दाखवते. मागणाऱ्यानं हे बघायला शिकावं आणि देणाऱ्यानं दाखवायला लाजू नये. आजारी झाडाची फांदी कितीही आग्रह झाला तरी देऊ नये. आणि नर्सरीचा धंदा बुडेल ही भीती मला खरी वाटत नाही. जिच्या हाताला झाड लागतं ती बाई पुढच्या वर्षी नवा रंग शोधत नर्सरीत जातेच. जिची तीन झाडं मेली, ती मात्र "माझ्या हाताला काही लागत नाही" म्हणून कायमची थांबते. अशा बायका मला दर आठवड्याला भेटतात.

म्हणून माझी मागणी समारंभ करणाऱ्यांकडे आहे, आणि ती मी अगदी मनापासून करते. नगरपालिका असो, शाळा असो, पतसंस्था असो, गणपती मंडळ असो, कुंड्या आणायच्या तर आणा. पण मंडप उतरवायच्या दिवशी एक तास ठरवून जाहीर करा: ज्यांना रोप किंवा फांदी हवी त्यांनी यावं. भोंगा तर लावलेलाच असतो. कुंडी परत द्यायची असेल तर रोप वर्तमानपत्रात बांधून देता येतं. सार्वजनिक बागांमध्ये छाटणी होते तेव्हा निरोगी फांद्यांचा ढीग फाटकापाशी ठेवून तिथं अर्धा दिवस एक माळी बसवा. माळी बसवा असं मुद्दाम म्हणते, कारण नुसता ढीग ठेवला तर फांद्या जातील आणि आठवड्यात कुजतील. त्या माळ्याच्या तोंडची दोन वाक्यं फांदीहून मोलाची आहेत. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, माणसांची रीघ लागते. तिथं उत्तम फुलाला बक्षीस असतं ते योग्यच. फांदीपासून घरी वाढवलेल्या झाडाला आणि ती फांदी ज्याच्याकडून आली त्यालाही मिळून एक बक्षीस ठेवावं, असं मला फार वाटतं.

इमारतींत राहणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते. जागा नाही असं म्हणू नका. खिडकीच्या जाळीत एका कुंडीपुरती जागा असते, आणि जिरेनियमला मोठी कुंडी आवडतही नाही. मुळं जरा दाटीत असली की ते जास्त फुलतं. चार तास ऊन हवं, एवढंच.

त्या २६ जानेवारीच्या ३४ फांद्यांपैकी माझ्याकडे आता चार राहिल्यात. बाकीच्या कुठं गेल्या ते शिलाईच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवलंय: गंगापुरीत पाच, पसरणीला तीन, भुईंजच्या एका नव्या नवरीकडे दोन, अशा. नाव न लिहिता नुसतं गाव लिहिते. कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर भेटलेल्या बायका जेवणाच्या पंगतीतच विचारत होत्या, "माझ्या फांदीला पान आलं, आता काय करू?" शेंडा खुड, म्हणजे बाजूनं फुटवे येतील, एवढं एकेकीला सांगितलं.

मोबाईलचा उजेड धरणाऱ्या त्या माणसालाही मी त्या रात्री दोन फांद्या कागदात बांधून दिल्या होत्या, त्यानंच मागितल्या म्हणून. बायकोला फुलांचा नाद आहे, म्हणाला. ओल्या फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या राहू द्या, उद्या लावा, असं बजावलं होतं. पाडव्याच्या आधी तो बायकोला घेऊन दुकानात आला, ब्लाऊज टाकायला. ती खिडकीपाशी जाऊन कुंड्या बघत राहिली, मग एक पान हलकेच उलटं करून तिनं मागची बाजू बघितली. मी तिला हे शिकवलं नव्हतं.

"दोन्ही लागल्या," ती म्हणाली. "एकीला कळी हाय. पण ताई, पाऊस लागला की काय करायचं? आमचं घर गळतंय."

मी तिला सांगितलं. मृगाच्या आधी, मे संपता संपता, दोन चांगल्या फांद्या काढून दुसऱ्या कुंडीत लावून ठेव, म्हणजे आई गेली तरी लेक हाताशी राहील. पाऊस सुरू झाला की कुंडी गळत नाही अशा कोपऱ्यात, पण उजेडाला. पाणी तोड. पिवळं पान दिसलं की लगेच काढ. दसऱ्यानंतर पुन्हा बाहेर घे. तिनं माझ्याकडून मापाची पावती मागून घेतली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मापं लिहायच्या माझ्याच पेन्सिलीनं, सगळं एकाखाली एक लिहून घेतलं.